दुसरा नारळ

१८ नोव्हेंबर, मंगळवार

रेखा बार्शीहून सोनोग्राफी करून आली ती घरी गेलीच नाही, माझ्या दुकानाच्या पायरीवर बसली. मी एका ब्लाउजला बाही लावत होते. पाणी दिलं, प्याली. मग म्हणाली, "काकू, दोन हायेत."

मला आधी कळेना काय दोन. कळलं तेव्हा मशीन थांबवलं.

पदरात आधीच दोन मुली. परी तिसरीत, गौरी अंगणवाडीत. आता जुळी. नवरा बालाजी दोन वर्षांमागं चाकणला गेला, तिथं दुसरी केली. यंदा आषाढात उगवला. रडला, पाया पडला, महिनाभर राहिला, दाराला निळा रंग दिला. रंग वाळायच्या आत परत पसार. फोन लागत नाही. गल्लीतल्या बायका म्हणतात, हिनं घरात घेतलाच कशाला. बोलायला काय जातं. दारात उभा राहिलेला नवरा होता तिचा.

डॉक्टरांनी सांगितलंय रक्त कमी आहे, उभं राहायचं नाही, ओझं उचलायचं नाही. हायवेच्या ढाब्यावर भाकरी थापते ती, दिवसभर चुलीपुढं. ते बंद. भाऊ जळकोटला आहे, त्याला फोन केला तर वहिनीनं उचलला आणि ठेवला.

रात्री जेवताना ह्यांना सांगितलं. ह्यांची काळीपिवळी येरमाळा-बार्शी चालते, सगळ्यांच्या बातम्या ह्यांना माझ्याआधी कळतात, ही कळली नव्हती. म्हणाले, "मग खाणार काय?" एवढंच. पण खरं तेच विचारलं.

२१ नोव्हेंबर, शुक्र.

दुपारी गल्लीतल्या बायका दुकानात बोलावल्या. एक एक दिवस एकेका घरानं डबा द्यायचा, बाळंत होऊन उठेपर्यंत. नाही कुणीच म्हणालं नाही. शोभानं तर दोन वार मागून घेतले. शोभा म्हणजे कृषी सेवा केंद्रवाल्या अण्णांची बायको, गल्लीच्या तोंडाचं मोठं घर. लग्नाला वीस वर्षं होत आली, मूल नाही. बार्शी झाली, सोलापूर झालं, देवऋषी झाले. पण बाईच्या तोंडी कधी कडू शब्द नाही.

जनाआजी कोपऱ्यात पाय पसरून बसली होती. म्हणाली, "एकीची पाळी चुकली म्हनून आता समद्या गल्लीला पाळी लावली व्हय गं?" सगळ्या हसल्या. मीही हसले. रेखा तिथं नव्हती म्हणून बरं.

३० नोव्हेंबर, रवि.

डबे जात आहेत. ज्याच्या त्याच्या डब्यात ज्याचं त्याचं घर. कुणाचं वरण नुसतं पाणी, कुणाचं तिखट असं की गौरी रडते. शोभाच्या डब्यात भाकरीवर लोणी असतं आणि पोरींना वेगळं गोड. डबा ठेवून ती पोरींच्या वेण्या पण घालून येते. बाकीच्या डब्याबरोबर शहाणपण देऊन येतात. ते फुकट.

आज वेगळंच कळलं. रेखाच्या घरात साखर नव्हती. परवाच अर्धा किलो दिली होती मी. विचारलं तर सांगेना. परीनं सांगितलं, आई रोज डबा घासून त्यात मूठभर साखर घालून परत देते. रिकामं भांडं परत द्यायचं नसतं म्हणून. मी चिडले. म्हटलं, तुझी परिस्थिती काय, रीत काय घेऊन बसलीस. खाली मान घालून म्हणाली, "नुसतं घिऊन घिऊन मान वाकडी व्हती, काकू."

साखर आणखी आणून दिली.

९ डिसेंबर, मंगळ.

दोन घरांनी पाळी चुकवली. एकीच्या घरी पाहुणे, एकीचा गॅस संपला. दोन्ही वेळा शोभानं पाठवलं. आज दुकानात एक ब्लाउजवाली (नाव लिहीत नाही, वही कुणाच्या हाती लागेल) हळूच म्हणाली, बालाजीचंच आहे का नक्की? मी तोंडात टाचण्या धरल्या होत्या. त्या काढल्या आणि तिला सांगितलं की ब्लाउज शिवून मिळणार नाही, कापड घेऊन जा. गेली फणकाऱ्यात. जाऊ दे.

चेंगट झालेत सगळे. पहिल्या आठवड्याचा उत्साह महिनाभर कुणाचा टिकतो.

१९ डिसेंबर, शुक्र. वेळ अमावस्या

लिहायला लाज वाटते.

आज गाव रिकामं, जो तो आपापल्या शेतात पूजेला नि जेवायला. आम्ही दिरांच्या शेतात होतो. कडब्याची खोप, पांडवांची पूजा, भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील. ज्वारी छान आलीय. आडवे होऊन गप्पा मारल्या. तिन्हीसांजेला परत आलो तर गल्लीत एकच दार उघडं, निळं. रेखा उंबऱ्यावर बसलेली. परीच्या अंगावर दिवाळीचा फ्रॉक, गौरीच्या डोळ्यात काजळ. विचारलं, कुणाच्या शेतात गेला होता? कुणाच्याच नाही. सकाळपासून तयार होऊन बसल्या होत्या. डबा नाही आला. घरात चुरमुरे होते ते पोरींनी खाल्ले.

मला वाटलं शोभा घेऊन जाईल. शोभाला वाटलं मी नेणार. बाकीच्यांना वाटलं आम्हा दोघींपैकी कुणीतरी. वेळ अमावस्येला दारात कोण उपाशी राहतं का, वाटसरूलाही हाक मारून जेवू घालतात आमच्याकडं. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. इथं अख्ख्या गल्लीचा उपाशी राहिला.

रेखा म्हणाली, "कुनी तरी हाक मारंल म्हनून बसलो," एवढंच. बरोबर आणलेली भज्जी गरम करून दिली. पोरी खाली बघून जेवल्या. शोभा आली आणि रडायला लागली. मला रडूही येईना, नुसती चीड. स्वतःचीच.

२ जानेवारी, शुक्र.

ठरवलं. रेखाची ओटी भरायची. आमच्याकडं पहिलटकरणीचीच भरतात, हिचं तिसरं बाळंतपण, मला माहीत आहे. पण ज्या बाईच्या ओटीत आपण हातानं तांदूळ घातले तिला उपाशी ठेवायला जीव धजत नाही. एकदा सगळ्यांचे हात तिच्या ओटीला लागू देत, मग बघते कोण डबा चुकवतं. असा माझा हिशोब.

विरोध झालाच. पौष आहे. नवऱ्यानं टाकलेली आहे. जुळ्याची ओटी भरू नये, दृष्ट लागते (हे नवीनच). जनाआजीनं एका वाक्यात निकाल लावला: "नवरा जित्ता हाय न्हवं? मंग सवाशीन हाय. भरा."

संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला सगळ्या माझ्याकडं येतातच. त्याच दिवशी उरकायचं.

१६ जानेवारी, शुक्र.

झालं. पण काय झालं ते अजून नीट समजत नाही. जसं झालं तसं लिहून ठेवते.

सगळ्या आल्या. रेखाला माझी हिरवी साडी नेसवली, पोट एवढं की निऱ्या राहीनात. पाटावर बसवली. तोंडावर सूज आहे पण आज हसत होती. नारळ मीच आणले होते. दोन. ओटीला नारळ एकच असतो, पण पोटात दोन जीव, मग नारळ दोन हवेत, असं माझ्याच डोक्यातून निघालं. सगळ्यांना आवडलं पण. एकेकीनं तांदूळ, हळकुंड, सुपारी घातली. जिनं गेल्या आठवड्यात डबा चुकवला तीही डोळे पुसत होती. मला वाटलं, जमलं.

शेवटी शोभा. तिनं भरली आणि उठणार तेवढ्यात जनाआजी म्हणाली, "थांब गं. रेखा, भरल्या ओटीतलं हिच्या पदरात टाक काय तरी. लई केलं तुजं तिनं. हिची बी कूस उजवंल."

रीतच आहे ती, नवीन नाही. पोटुशी बाई आपल्या ओटीतलं फळ तशा बाईला देते. केळं होतं, बोरं होती, खारीक होती. रेखानं ओटीत हात घातला आणि नारळ काढला. दोनातला एक. दोन्ही हातांनी शोभाच्या पदरात ठेवला.

शोभानं पदर घट्ट धरला. रंग उतरला तिचा. आणि मग ती वाकून रेखाच्या पाया पडली. वयानं मोठी असून.

मी पटकन तिळगूळ वाटायला घेतला.

१७ जानेवारी, शनि.

सकाळी पाणी भरतानाच ऐकलं. रेखानं एक शोभाला दिलं. "एक" म्हणाल्या, "नारळ" नाही म्हणाल्या.

जनाआजीला विचारलं, तुम्हाला असं म्हणायचं होतं का? म्हणाली, "म्या केळं दिईल म्हनून बसले व्हते. पर तिनं दोनातला एक दिला, चार बायांत दिला. नारळ पदरात पडला, जबान झाली."

२४ जाने.

शोभा कापड घेऊन आली. मऊ मलमल, पांढरं, फिकट पिवळं. झबली, टोपडं, कुंची शिवायची आहे. म्हटलं, आधी नवं कापड घालत नाहीत बाळाला, जुन्याचंच करतात. म्हणाली, माहीत आहे, बारशानंतर घालीन.

मी टेप गळ्यात अडकवला. विचारलं, "एकाचंच?"

"एकाचंच, काकू."

लपवलं नाही तिनं. चेहरा इतका उजळलेला की मला पुढचं बोलवेना. नारळ देवघरात ठेवलाय म्हणाली, रोज हळद-कुंकू वाहते. अण्णा मागची सामानाची खोली बाळासाठी रिकामी करतायत. रेखाशी बोललीस का, असं विचारायला हवं होतं. नाही विचारलं. कापड घेतलं, बेतलं मात्र नाही.

१ फेब्रुवारी, रवि.

डब्याची पाळी संपली. कुणी बंद केली नाही, आपोआप संपली. आता रोज दोन्ही वेळ शोभाचाच डबा. दूध, फळं, गोळ्या, बार्शीला न्यायला अण्णांची गाडी. बाकीच्या सुटल्या. दुकानात येतात तेव्हा किती हलक्या झाल्यात ते दिसतं. तिचंही भागलं, हिचंही भागलं, म्हणतात. माझा हिशोब असा फिरला.

आज रेखाकडं गेले. तांदूळ निवडत होती. म्हटलं, नारळाचं असं असं चाललंय, तुझ्या मनात काय होतं? तिनं एक खडा काढून टाकला. मग म्हणाली की मनात काहीच नव्हतं, साखर घालतात तसा घातला. जे सगळ्यात मोठं होतं ते दिलं.

मग परत माग, मी म्हटलं. मी येते बरोबर.

तिनं सूप बाजूला ठेवलं. "नारळ मागू? आन् इतक्या दिसांचं दूध, गोळ्या, गाडी, पोरींच्या वेन्या, त्ये बी मागं दिऊ? कशातनं दिऊ?" मग हळू म्हणाली, "तुमी दोन नारळ आनले, काकू. एकच आनायचा व्हता."

रागानं नाही म्हणाली. त्यानंच जास्त लागलं.

५ फेब्रु.

आरोग्य केंद्राच्या आशाताईंना गाठलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं, असं घरच्या घरी मूल देता घेता येत नाही, गुन्हा आहे. रीतसर धाराशिवला अर्ज, समिती, नंबर. मी तसंच अण्णांना जाऊन सांगितलं. ते खताच्या पोत्यांवर बसून होते. म्हणाले, ओळखीचा वकील आहे, बघतील काहीतरी. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "काकू, वीस वर्षांत ती अशी हसल्याली म्या पाहिली न्हवती."

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, तू यातून अंग काढून घे. अंग काढायला ते थोडं तरी बाहेर असावं लागतं.

८ फेब्रु., रवि.

रेखा स्वतः आली, भिंतीला धरत धरत. पाय सुजून खांब झालेत. दुकानात कुणी नव्हतं. म्हणाली, त्या दिवशी मी खोटं बोलले नाही, पण सगळं सांगितलंही नाही. नारळ दिला तेव्हा खरंच काही मनात नव्हतं. पण घरी गेल्यावर, गल्लीतलं कानावर आल्यावर, तिला बरं वाटलं. सुटल्यासारखं वाटलं. चार पोरं कशी वाढवणार होती? एक तरी लोण्याची भाकरी खाईल. रोज असं वाटतं.

"आन् मंग दोन्ही एकदम हालत्यात," म्हणाली. "तवा इचार येतो, ह्यातलं कंचं?"

मी तिचे पाय मांडीवर घेऊन तेल लावलं.

१४ फेब्रु., शनि.

दिवस भरले नव्हते. पहाटे पाणी गेलं. अण्णांच्या गाडीतून बार्शी, मी आणि शोभा बरोबर. सिझर. दोन्ही मुली.

एक बरी आहे, रडली. दुसरी रडलीच नाही आधी. मुठीएवढी. लगेच काचेच्या पेटीत नेली. डॉक्टर म्हणाले, काही सांगता येत नाही. रेखा शुद्धीवर यायच्या आत शोभा त्या काचेपाशी जाऊन उभी राहिली होती. कुणी तिला विचारलं नाही की तुम्ही कोण.

मी परीच्या शाळेत निरोप पाठवला, दोन बहिणी झाल्या.

१५ फेब्रु.

गल्लीत सगळ्यांची तोंडं आंबट. "चारी पोरीच?" जसं काही गल्लीलाच जन्मभर पोसायच्या आहेत. जळकोटच्या भावानं फोन केला होता, मुली म्हटल्यावर बरं बरं म्हणून ठेवला. बालाजीला कुणीतरी निरोप दिला म्हणतात. त्याचं काहीच नाही.

२२ फेब्रु., रवि.

रेखाला परवा सोडलं. जुळ्यातली मोठी घरी आली तिच्याबरोबर. धाकटी अजून पेटीत. टाके ओले, घरात दोन पोरी, कडेवर तिसरी, ती बार्शीला कशी राहणार? शोभा राहिली आहे. घरी आलीच नाही तेव्हापासून. नर्सनं शिकवलंय, रोज थोडा वेळ पेटीतून काढून बाळाला छातीशी उघडं धरायचं, ऊब लागते. शोभा धरते.

रेखा इकडं वाटीत दूध काढते. मी बाटली उकळून देते, हे सकाळच्या पहिल्या फेरीला बर्फात ठेवून नेतात. सीटवरचे पॅसेंजर विचारतात काय आहे, हे सांगत नाहीत. दूध एकीचं, ऊब दुसरीची. जगायला लागलंय पोर.

आता डबे परत सुरू झालेत थोडे. जनाआजीच्या सुनेनं डिंकाचे लाडू आणले. माझा मान ठेवला असं म्हणाली. माझा कसला आलाय मान.

२७ फेब्रु.

ह्यांच्या गाडीनं बार्शीला जाऊन आले. शोभा ओळखू येईना. केस विस्कटलेले, साडी तीच. छातीवर गाऊन आणि गाऊनच्या आत ते पोर, नुसती टाळू दिसते. मला शेजारी बसायला खूण केली. हलायचं नसतं म्हणून हळू बोलते.

मनाशी ठरवून गेले होते की आज सांगायचंच. सांगितलं. नारळ रेखानं रीतीचा म्हणून दिला होता, तिनं शब्द दिला नव्हता.

शोभा म्हणाली, तिला ते त्याच दिवशी कळलं होतं. रेखाच्या तोंडाकडं बघूनच कळलं होतं. पण पदरात पडलेला नारळ उतरवून ठेवायचं तिच्यानं झालं नाही.

मग म्हणाली, "नारळ न्या म्हनलात तर घरी जाऊन दिते, काकू. हिला कशी दिऊ?"

बाळानं अंग ताणलं, शोभानं हात फिरवला. तिथून निघाले तर जिन्यात रडू फुटलं. कुणासाठी ते सांगता येत नाही. दोघींपैकी एक तरी वाईट असती तर मला सोपं गेलं असतं.

५ मार्च, गुरु.

धाकटीचं वजन वाढलं. परवा सोडणार.

अण्णा दुपारी दुकानात आले, कधी येत नाहीत. उभ्यानंच बोलले. वकिलानं हात वर केले. आशाताईंनीही घरी येऊन समज दिली, कागद काही केले तर त्या वर कळवणार. दवाखान्यात आईचं नाव रेखाचंच आहे. आणि मुलगीच आहे, राहू दे तिच्या आईकडं, असं अण्णांनीच शोभाला फोनवर सांगितलं. तेव्हापासून ती त्यांच्याशी बोलत नाही. "आता काय करंल काय न्हाय," म्हणाले. जाताना खोलीला नवीन कुलूप लावू का असं विचारून गेले. मला कशाला विचारतात.

संध्याकाळी रेखाकडं. तिला हे सगळं कळलंय. वाटलं खूश होईल. तिनं मोठीला खांद्यावर बदललं आणि म्हणाली, परवा भाकरतुकडा तुम्हीच ओवाळा. माझ्या दारात. मी हो म्हटलं.

घरी आले तर फोन. बार्शीहून शोभा. "काकू, परवा पोरगी पहिल्यांदा गल्लीत येती. तुकडा तुमीच ओवाळा." कुठल्या दारात ते ती बोलली नाही. मी विचारलंही नाही. हो म्हटलं.

७ मार्च, शनि.

दुकानात बसून लिहितेय. मशीनवर काही होत नाही. ह्यांचा फोन आला, बार्शी सोडली. हे अण्णांच्या गाडीच्या मागं मागं येतायत, आज पॅसेंजर घेतले नाहीत.

गल्लीच्या तोंडाला शोभाचं घर, मध्ये माझं दुकान, शेवटी रेखा. गाडी आली की आधी ते दार लागतं.

सकाळी रेखाला विचारून आले, स्पष्टच. गाडी तिथं थांबली तर? तू ये माझ्याबरोबर, आपण दोघी जाऊ, घेऊन येऊ, तुझी आहे, कायदा तुझा आहे. मोठीला पाजत होती ती. परी दाराशी रांगोळी काढत होती, कधी येणार कधी येणार करत. रेखा म्हणाली, "तिनं जगवलीया तिला. म्या जाऊन मागनार न्हाय."

म्हटलं, मग राहू देणार का?

"तसं बी म्हनत न्हाय." आणि मग, पोरीचं तोंड पुसता पुसता: "तिनं आनून दिली तर घीन. मला मागता येत न्हाय, काकू. तुमाला येत आसंल तर तुमी मागा."

म्हणजे माझ्यावर आलं. पुरतं.

भाकरी भाजलीय. तुकडा मोडून ताटलीत ठेवलाय, तांब्याभर पाणी. अण्णांच्या दारात कुणी नाही, दार मात्र सताड उघडं आहे, आत नवा पाळणा दिसतो. रेखा उंबऱ्यात उभी आहे, टाके दुखतात म्हणून चौकटीला टेकून. गल्लीतल्या साऱ्या आपापल्या पायरीवर येऊन बसल्यात, कुणी भाजी निवडतंय, कुणी नुसतंच. डबे देताना इतक्या वेळेवर कधी आल्या नव्हत्या.

मी म्हणतेय की गाडी आली की सरळ जाऊन रस्त्यात उभं राहायचं. शोभाच्या दाराच्या पुढं. आडवं. म्हणायचं, पुढं घे. एवढे दोन शब्द. शोभा माझं ऐकेल. ऐकेल, आणि त्या मोकळ्या घरात परत जाईल, आणि उद्यापासून माझ्याकडं ब्लाउज टाकायला येईल आणि मी तिच्या छातीचं माप घेईन. ते पोर होतं त्या छातीचं.

किंवा इथंच बसून राहायचं.

जनाआजी ओरडली, वळली म्हणून. हॉर्न वाजला. ताटली घेतली. भाकरी अजून गरम आहे. उठते.